गाण्याखालची पट्टी

टीव्हीवरची गाण्याची चॅनल्स गेली तेव्हा आपलं नेमकं काय गेलं, यावर कधीपासून लिहीन म्हणत होते. व्हिडिओ गेले म्हणावं तर तसंही नाही. नव्वदच्या दशकातले बरेचसे व्हिडिओ आज यूट्यूबवर आहेत. कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर टेप करून ठेवलेले, कोपऱ्यात चॅनलचा लोगो आणि मधूनमधून मुंग्या. व्हीजे गेले म्हणावं, तर त्यातल्या निम्म्यांची बडबड तेव्हाही सहन होत नव्हती.

माझ्यापुरतं सांगायचं तर गेली ती पट्टी. आठवतेय? गाणं सुरू झालं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चार ओळी यायच्या. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं किंवा बँडचं नाव, अल्बम, कंपनी. आठ-दहा सेकंद राहायच्या आणि जायच्या. गाणं संपताना पुन्हा एकदा. पहिल्या वेळी तुम्ही बेसावध असायचात, त्यामुळे गाणं आवडलं तर शेवटापर्यंत हातात पेन घेऊन बसायचं. नेमकी तेव्हाच आईची आतून हाक आली तर संपलंच. मग ते नाव घेऊन कॅसेटच्या दुकानात जायचं, आणि दुकानदाराने "असलं काही आलेलं नाही" म्हटलं की दुसरं दुकान.

पण हा आठवणींचा कढ काढण्यासाठी लिहिलेला लेख नाही. (तसे लेख भरपूर आहेत, वाचायला मलाही आवडतात.) मला बघायचंय ते असं, की ही पट्टी आली कुठून, गेली का, आणि ती गेल्यावर सिनेमाबाहेरचं नवं गाणं लोकांनी शोधलं तरी कसं.

सुरुवात टीव्हीपासून करून चालणार नाही, कारण पट्टीचा खरा पूर्वज आकाशवाणी. गीतकार अमुक, संगीतकार तमुक, गायिका ह्या, असं सगळं सांगितल्याशिवाय निवेदक तबकडी लावायचा नाही. आज एफएमची सवय झालेल्या माणसाला हे रटाळ वाटेल. पण ज्यांना सुरेश भट किंवा श्रीनिवास खळे ही नावं कधी कुणी शिकवली नाहीत तरी पाठ आहेत, त्यांनी ती नावं अशीच ऐकून ऐकून पाठ केलेली असतात.

मराठी माणसाला तर सिनेमाबाहेरचं गाणं म्हणजे काहीतरी बाजूला पडलेलं, असं कधी वाटलंच नाही. १९३० च्या दशकात जी. एन. जोशींपासून भावगीतांच्या तबकड्या घरोघर गेल्या. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गाणं, माडगूळकरांचं आणि बाबूजींचं, अशी छप्पन्न गाणी. त्यामागे ना सिनेमा होता, ना नट. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं. छायागीत अर्थातच सिनेमाचं, पण 'शब्दांच्या पलिकडले'सारख्या कार्यक्रमात कवी आणि संगीतकार स्वतः समोर येऊन बसायचे. म्हणजे नवं गाणं तुमच्यापर्यंत आणून देणं हे कुणाचं तरी काम होतं, आणि त्या कामाचा त्याला पगार मिळत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही आला आणि त्याच्याबरोबर एमटीव्ही. १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉकने स्टारचा मोठा हिस्सा विकत घेतला. पुढच्याच वर्षी एमटीव्ही स्टारमधून बाहेर पडलं आणि त्याच्या जागेवर स्टारने स्वतःचं चॅनल व्ही उभं केलं. १९९६ मध्ये एमटीव्ही खास भारतासाठीचं चॅनल घेऊन परत आलं. म्हणजे आता दोन चॅनल्स एकमेकांच्या उरावर. दोघांनाही चोवीस तास भरायचे, दोघांनाही तरुण आणि वेगळं दिसायचं. हिंदी सिनेमाची गाणी झी आणि दूरदर्शनवर ढिगाने होती, त्यामुळे त्यांच्या जोरावर वेगळं दिसणं अवघड. आणि परदेशी गाणी दाखवून मोठी शहरं मिळतात, नागपूर-जळगाव मिळत नाही, हेही दोघांना पहिल्या काही वर्षांतच कळलं होतं.

या अडचणीतून ज्याला आपण इंडिपॉप म्हणतो त्याचा सुवर्णकाळ जन्माला आला. कुणाच्या कलेवरच्या प्रेमातून आला असता तर बरं वाटलं असतं, पण तो आला मालाच्या टंचाईतून. चॅनलला व्हिडिओ हवे होते. व्हिडिओचा खर्च कॅसेट कंपनी करायची, कारण तिच्यासाठी ती जाहिरात होती. तिला कॅसेट विकायची होती. तीन बाजूंचे तीन स्वार्थ जुळले आणि दहाएक वर्षं मजा झाली. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय आणि दलेर मेहंदी, १९९६ मध्ये लकी अली आणि कलोनियल कझिन्स, १९९८ मध्ये सिल्क रूट आणि युफोरिया. शुभा मुद्गल यांच्यासारखी शास्त्रीय संगीतातली गायिका पावसाचं गाणं गात घरोघर पोचली. हे सगळं एकाच पडद्यावर, एकामागून एक, काहीही न मागता. लकी अलीची वाट बघत बसलेल्या माणसाला मधली तीन गाणी ऐकावीच लागायची आणि त्यातलं एखादं डोक्यात जाऊन बसायचं. माझ्या संग्रहातली निम्मी गाणी अशी 'मधली' आहेत.

पण याला स्वतंत्र संगीत म्हणावं का? मला नाही वाटत. सिनेमाबाहेरचं नक्की, स्वतंत्र नाही. मॅग्नासाउंड, बीएमजी क्रेसेंडो, सोनी, एचएमव्ही या कंपन्यांचा पैसा, त्यांनीच निवडलेले दिग्दर्शक, त्यांनीच ठरवलेला चेहरा. मिलिंद सोमण त्या लाकडी पेटाऱ्यातून बाहेर येतो ते काही अलिशाच्या एकटीच्या खिशातून येत नाही. खरं स्वतंत्र म्हणजे काय ते बघायचं तर टीव्हीच्या आधी गोव्यात जायला हवं.

१९८४ मध्ये रेमो फर्नांडिसने शिवोलीच्या आपल्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एक आख्खा अल्बम तयार केला. 'गोअन क्रेझी'. वाद्यं बहुतेक सगळी स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतःचे, कव्हरही स्वतः केलं (तो जे. जे. मध्ये शिकलेला आर्किटेक्ट, चित्र काढता यायचंच). कॅसेट्स तयार झाल्यावर त्या स्कूटरवर टाकल्या आणि गोव्यातल्या दुकानादुकानांत नेऊन दिल्या. आज ज्याला घरगुती स्टुडिओ आणि थेट विक्री म्हणतात ते हेच. मोठी कंपनी आली ती नंतर, कॅसेट्स खपतात हे दिसल्यावर. तेव्हा इंटरनेट नव्हतं आणि एमटीव्हीही नव्हतं. गोवा लहान असल्याचा फायदा मात्र होता. मुंबईत स्कूटरवर किती दुकानं होणार?

मुंबईत त्या काळी स्कूटरच्या ऐवजी रंगभवन होतं. धोबीतलावचं ते उघडं प्रेक्षागृह, झेवियर्सच्या शेजारचं. १९७८ मध्ये तिथे पहिली जॅझ यात्रा झाली, आणि १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक म्हणजे आय-रॉक बरीच वर्षं तिथेच भरला. पावसाळ्यात, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, चिखलात उभं राहून शिलाँगपासून बंगलोरपर्यंतचे बँड ऐकायचे. बहुतेकांची एकही कॅसेट निघालेली नसायची. म्हणजे ते गाणं ऐकायचं तर तिथे जाण्यावाचून इलाज नाही, आणि एकदा ऐकलं की पुढच्या वर्षापर्यंत फक्त आठवणीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. जवळच रुग्णालय असल्यामुळे रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि काही वर्षांतच तिथला आवाज कायमचा बंद झाला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. रुग्णाला शांतता हवीच. पण त्या बदल्यात शहराने दुसरी जागा दिली नाही, हेही तितकंच खरं.

आणि अलाहाबाद! हिंदी साहित्याच्या या गावातून १९९३ मध्ये अमित सैगल नावाच्या तरुणाने 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढलं. देशातल्या कुठल्या कॉलेजात कुठला बँड वाजवतोय, कुणी डेमो काढलाय, कुणाचा ड्रमर सोडून गेलाय, अशा बातम्या. बँडच्या गाण्यांची संकलनंही त्यांनी काढली आणि १९९७ पासून ग्रेट इंडियन रॉक हा महोत्सव सुरू केला. ज्याला टीव्हीवर दहा सेकंदांची पट्टी मिळणार नव्हती, त्याला इथे नाव मिळालं. सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्यात समुद्रात बुडून गेला. तेव्हा देशभरातल्या वाजवणाऱ्यांनी त्याला ज्या आपुलकीने निरोप दिला तशी आपुलकी कुठल्या चॅनलच्या वाट्याला आलेली मला आठवत नाही.

आता पट्टी गेली कशी ते.

एकदम नाही गेली. आधी कॅसेट गेली. नव्वदचं दशक संपताना रस्त्यावर एमपीथ्रीच्या सीडी आल्या, एका सीडीवर शंभर-दीडशे गाणी, किंमत एका कॅसेटपेक्षा कमी. कंपन्यांचा धंदा बसला. सिनेमाच्या गाण्याचं चित्रीकरण निर्माता त्याच्या पैशाने करून देतो, शिवाय सिनेमाची जाहिरात म्हणून ते गाणं सगळीकडे वाजवलं जाईल याचीही काळजी घेतो. खासगी अल्बमच्या व्हिडिओचा खर्च मात्र कंपनीच्या अंगावर. काटकसरीची कुऱ्हाड कुणावर पडणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मग आले रिमिक्स. कॉपीराइट कायद्यात तेव्हा एक वाट होती: मूळ ध्वनिमुद्रण निघून दोन वर्षं झाली की ठरावीक रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या आवाजात पुन्हा मुद्रित करता यायचं. ही तरतूद ज्यासाठी केली असेल त्यासाठी असो, तिचा उपयोग जुनी हिंदी गाणी धडधड तालावर चढवून, वर कमी कपड्यांतला व्हिडिओ चिकटवून विकायला झाला. २००२ चं 'कांटा लगा' आठवत असेलच. नवं गाणं लिहून घ्या, चाल बांधा, लोकांना आवडेल का याचा घोर लावून घ्या, एवढे कष्ट कोण करणार? लोकांना जे आवडून तीस वर्षं झाली आहेत तेच परत विका. (२०१२ च्या दुरुस्तीने दोनाची पाच वर्षं केली आणि मूळ गाण्यात बदल करण्यावरही बंधनं आणली. तोवर वाट लागून गेली होती.)

तिसरं कारण चॅनलच्या आतलं. गाणं आवडलं नाही की प्रेक्षक तीन सेकंदांत रिमोट दाबतो. भांडण लागलं की थांबतो. २००३ मध्ये एमटीव्हीवर रोडीज आलं आणि पुढचं सगळं त्या रस्त्याने गेलं. गाण्यांसाठी जो वेळ उरला त्यात पडद्याचा खालचा भाग एसएमएसने व्यापला. अमुकचं तमुकवर प्रेम आहे, तमुकने आपला नंबर द्यावा, अशी सरकती ओळ. चॅनलला दर एसएमएसमागे पैसे मिळायचे, बँडच्या नावामागे काहीच नाही. पट्टीची जागा नेमकी तिनेच घेतली, आणि मला आजही वाटतं की संगीताच्या चॅनलचा शेवट त्या दिवशी झाला; पुढचे सगळे नुसते सोपस्कार. चॅनल व्हीने २०१२ मध्ये गाणी पूर्ण सोडली, मग परत आणली, आणि अखेर चॅनलच बंद झालं. २०१४ च्या फेब्रुवारीत एमटीव्ही इंडीज नावाचं चक्क स्वतंत्र संगीताचं चॅनल निघालं होतं. मी तर पेढे वाटायच्या बेतात होते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ते गेलं आणि त्याच्या जागी हिंदी सिनेमाच्या गाण्यांचं चॅनल आलं. अडीच वर्षं.

टीव्हीवर गाणी कमी झाली असं मात्र कुणी म्हणणार नाही, कारण त्याच काळात रिअॅलिटी शो आले. २००५ मध्ये आपला अभिजीत सावंत पहिला इंडियन आयडॉल झाला तेव्हा कोण आनंद! २००८-०९ मधल्या मराठी लिटल चॅम्प्सच्या वेळी तर रस्त्यावर शुकशुकाट असायचा. त्या पाच मुलांनी माझ्या भाचरांना खळे आणि हृदयनाथ ऐकायला लावले, हे मोठंच काम. पण बघा, टीव्ही आता दर आठवड्याला नवा गायक शोधत होता. नवं गाणं शोधत नव्हता. स्पर्धेत जुनंच गाणं लागतं, कारण परीक्षकांना आणि एसएमएस करणाऱ्यांना तुलना करायची असते. नव्या गाण्याची तुलना कशाशी करणार? म्हणून इतके गोड गळे आले, आणि त्यांच्यासाठी लिहिलेली म्हणून आठवावीत अशी गाणी फार थोडी.

मग ज्यांना नवं हवं होतं त्यांनी काय केलं?

रेडिओचा आधार मिळेल असं वाटलं होतं. खासगी एफएम २००१ पासून सुरू झालं, पण लायसन फी इतकी जड होती की कुणाला धाडस परवडेना. सगळे एकाच विहिरीचं पाणी पाजू लागले. त्यात गाणाऱ्याचं नाव सांगायची पद्धतही मोडली. वर्ल्डस्पेस होतं. खिडकीत छोटा अँटेना लावून उपग्रहावरून येणारा रेडिओ, जाहिराती नाहीत, आणि रिसीव्हरच्या पडद्यावर गाण्याचं नाव. म्हणजे पट्टी परत! ३१ डिसेंबर २००९ ला भारतातलं वर्ल्डस्पेस बंद झालं. त्या रात्री उशिरापर्यंत रिसीव्हर चालू ठेवून बसलेली बरीच माणसं मला माहीत आहेत.

खरा बदल केला तो वाजवणाऱ्यांनी. २००३ च्या सुमारास शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी अंडरस्कोअर रेकॉर्ड्स सुरू केलं. कलाकाराने स्वतः मुद्रित केलेलं संगीत इंटरनेटवरून विकायचं, आणि हक्क कलाकाराकडेच ठेवायचे. इंडिपॉपच्या ऐन भरात ज्या बाई घरोघर पोचल्या होत्या त्यांनीच हे करावं यात बरंच काही आलं. दिल्लीच्या इंडियन ओशनने २०१० मध्ये कंपनीकडे न जाता '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम इंटरनेटवर फुकट दिला, दर महिन्याला एक गाणं. त्यांचा गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती आदल्याच डिसेंबरात गेला होता. ती गाणी त्याच्या आवाजातली. पुढचं गाणं येईपर्यंत महिनाभर आधीचंच ऐकायचं. गीतरामायणाची आठवड्याची वाट बघणं मी फक्त ऐकून आहे, पण ते असंच काहीतरी असणार.

मुंबईत २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल्सच्या आवारात ब्लू फ्रॉग आलं, २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर. ही ठिकाणं सगळ्यांना परवडणारी होती असं नाही. पण तिथे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा बँड ऐकायला मिळायचा, आणि माझ्या मते टीव्हीवरच्या 'मधल्या' गाण्याचा खरा वारस तोच. २०१६ मध्ये ब्लू फ्रॉगचं ते घर बंद झालं. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउसही त्याच वर्षी.

मराठीची गोष्ट थोडी वेगळी, आणि तिच्याकडे लक्ष जात नाही म्हणून सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा 'गारवा' आला तो कॅसेटवर, आणि एकाच्या वॉकमनमधून दुसऱ्याच्या वॉकमनमध्ये पसरला. २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी 'आयुष्यावर बोलू काही' घेऊन फिरू लागले ते नाट्यगृहांतून. तिकीट काढून, पडदा उघडून, नवी गाणी! टीव्हीची वाट त्यांनी पाहिली नाही. संगीत नाटकाने आणि पुलंनी आपल्याला तिकीट काढून बसायची जी सवय लावली होती ती कामाला आली. पुढे परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनीही त्यांना बोलावलं. हिंदी इंडिपॉपला असा तालुक्याच्या गावापर्यंत जाणारा रस्ता नव्हता, म्हणून टीव्हीने हात काढल्यावर ते कोसळलं. भावगीताच्या नातवंडांचं तसं झालं नाही. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला जे रुचतं तेच तिथे टिकतं. जोरात वाजवणाऱ्या मराठी पोरांना तिथे कोण उभं करणार?

त्यांच्यासाठी यूट्यूब आलं. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आपलं पहिलं गाणं आयपॅडवर मुद्रित केलं आणि आयपॅडवरच चित्रित केलं. कुठल्या चॅनलची परवानगी नाही, कुठल्या कंपनीचा पैसा नाही. २०१९ मध्ये स्वदेशी या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलातल्या वारल्यांची बाजू घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यात आरेतलेच आदिवासी कलाकार आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत. हे गाणं १९९८ मध्ये कुठल्याही चॅनलने दाखवलं असतं असं मला वाटत नाही. तेव्हा जुन्या दिवसांसाठी उसासे टाकताना जरा जपून. मात्र गल्लीतलं रॅप देशभर पोचलं ते २०१९ च्या 'गली बॉय'मुळे. म्हणजे फिरून सिनेमाच.

आणि आता स्ट्रीमिंग. स्पॉटिफाय भारतात २०१९ च्या फेब्रुवारीत आलं. दर सोमवारी तुमच्यासाठी म्हणून तीस गाण्यांची यादी देण्याची त्यांची सोय २०१५ पासूनची. ती वाईट नाही, मला तीतून चांगली गाणी मिळाली आहेत. पण ती चालते कशी? मुख्यतः असं, की तुमच्यासारखं ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात, कुठली गाणी त्यांच्या याद्यांमध्ये शेजारीशेजारी असतात, हे बघून. म्हणजे जे कुणाच्याच यादीत नाही त्याला दरवाजा सापडणं अवघड. संगीतकंपन्यांच्या प्रमुखांनी २०२२ मध्ये सांगितलेला आकडा होता रोज एक लाख नवी गाणी. एक लाख, रोज! आणि २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला एक पैसा मिळणार नाही. रेमोच्या पहिल्या कॅसेटचा प्रत्येक पैसा, अगदी पहिल्या गिऱ्हाइकाचासुद्धा, हिशेबात धरला जात होता.

मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट साधीच आहे. ही यादी माझी एकटीची आहे. पूर्वी सोमवारी कॉलेजात गेलं की "काल रात्री ते बघितलंस का" असं विचारता यायचं, आणि समोरच्याने ते बघितलेलं असायचं, आवडलेलं नसलं तरी. आता मी ऐकलेलं गाणं माझ्या शेजारणीच्या फोनपर्यंत पोचलेलंच नसतं. भांडायला तरी कुणी हवं ना!

तर मी काय करते? सांगते, कुणाला उपयोग झाला तर झाला. आवडलेल्या गाण्यात बास कुणी वाजवलाय, मिक्सिंग कुणी केलंय हे शोधते. स्ट्रीमिंगवर ही नावं अर्धवट असतात, पण कलाकार स्वतःच्या पानावर लिहितात. मग त्या वाजवणाऱ्याने आणखी कुणाबरोबर काम केलंय तिकडे जाते. एका नावावरून दहा नावं मिळतात, आणि ती माझ्या 'आवडी'शी जुळणारी असतीलच असं नाही, म्हणून तर मजा. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी पैसे देऊन विकत घेते, कारण विकत घेतलेलं गाणं मी दोनदा ऐकल्याशिवाय सोडत नाही (हा कोकणस्थी गुण समजा). अभंग रिपोस्टसारखा, अभंग आणि गिटार एकत्र वाजवणारा बँड आसपास आला तर आईला घेऊन जाते. ती तुकाराम ऐकायला येते, मी ड्रम्स. आणि कार्यक्रमाला वेळेच्या आधी पोचते, पहिल्या बँडसाठी.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका छोट्या हॉलमध्ये चाळीसएक माणसं होती. कार्यक्रम संपल्यावर ड्रमर स्वतःच वायरी गुंडाळत होता. त्याला विचारलं, "तुम्ही सध्या कुणाला ऐकताय?" त्याने माझ्याच तिकिटाच्या मागे तीन नावं लिहून दिली. दोन घरी येऊन सापडली, त्यातलं एक फार आवडलं. तिसऱ्याचं इंटरनेटवर अजून काहीच नाही. तो मुलगा कोल्हापूरला असतो म्हणे, आणि शनिवारी कधीकधी वाजवतो.